ग्रुप शोमध्ये पहिल्यांदा चित्र लावताय? आधी माऊंटचं बघा

मी कोल्हापूरची. दिवसा एका कारखान्यात अकाउंट्स बघते आणि रविवारी रंकाळ्यावर नाहीतर पन्हाळ्यावर बसून जलरंगात लँडस्केप करते. लहानपणी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्या, त्यापुढे कलेचं शिक्षण नाही. गेली सहा-सात वर्षं ग्रुप शोमध्ये चित्रं लावतेय, शाहू स्मारकच्या कलादालनात, सोसायटीच्या हॉलमध्ये, एकदा तर गणपतीच्या मांडवाशेजारी. त्यामुळे नवीन मुलं-मुली विचारत असतात की ताई पहिल्यांदा भाग घ्यायचाय, काय करू. चित्र कसं काढायचं ते मी सांगणार नाही, ते तुम्हाला येतंच. मी जिथे आपटले ते सांगते.

माझा पहिला ग्रुप शो मे महिन्यात होता. बारा जण, प्रत्येकाची तीन चित्रं. माझी तिन्ही हाफ इम्पिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच. फ्रेमवाल्याने विचारलं, माऊंट लावू का? माऊंट म्हणजे चित्र आणि काचेच्या मध्ये चारी बाजूंनी बसवतात ती जाड बोर्डाची चौकट. मी म्हटलं नको, डायरेक्ट काच बसवा. माऊंट घेतला की चारी बाजूंनी अडीच इंच वाढतात, फ्रेम २० बाय २७ च्या आसपास जाते, पट्टी जास्त, काच जास्त, पैसे जास्त. तिन्ही मिळून माझे साधारण हजार रुपये वाचत होते, आणि खरं सांगायचं तर ॲक्टिव्हावर नवऱ्याच्या मागे बसून चित्रं न्यायची होती, तेवढ्या मोठ्या फ्रेमा धरणार कशा हाही प्रश्न होताच.

शोमध्ये एक चित्र विकलं गेलं. संध्याकाळचा रंकाळा, वरचं आभाळ गडद निळं-जांभळं. एका रिटायर्ड मास्तरांनी साडेचार हजाराला घेतलं. मी आनंदाने घरी पेढे घेऊन गेले, काय सांगू. आणि ऑगस्टमध्ये मास्तरांचा फोन. म्हणाले, ताई, चित्रात ढग वाढायला लागलेत.

मला आधी वाटलं काका गंमत करतायत. जाऊन बघितलं तर आभाळभर पांढरट डाग, आणि जिथे रंग दाट होता तिथे कागद चक्क काचेला चिकटलेला. फ्रेम उघडून मी कागद हळूच ओढला, आणि जांभळं आभाळ काचेवर राहिलं, कागद माझ्या हातात.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण मला कोणीच सांगितलं नव्हतं. जलरंग म्हणजे रंगाची पूड आणि डिंक. डिंकाला ओल लागली की तो पुन्हा चिकट होतो, पोस्टाचं तिकीट आठवा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंती ओल धरतात, फ्रेमच्या आत दमट हवा कोंडते, काच गार पडली की तिच्या आतल्या बाजूला बारीक पाणी जमतं. मध्ये फट असेल तर ते काचेवरच राहतं आणि वाळतं. फट नसेल तर ते थेट तुमच्या चित्रावर. मग एकतर बुरशी, नाहीतर चिकटणं, माझ्या नशिबात दोन्ही. माऊंट दिसायला छान म्हणून लावतात असं मला वाटायचं, पण त्या दीड-दोन मिलिमीटरच्या जाडीचं खरं काम ती फट ठेवणं आहे. तुम्हाला माऊंट आवडत नसेल तर नका लावू, पण मग काचेच्या कडेने आत बारीक पट्ट्या बसवून घ्या, फ्रेमवाल्याला सांगितलं की करतो.

आता याच्याच पोटातल्या गोष्टी. माऊंट बोर्ड ॲसिड-फ्री मागा, साधा काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदालाही पिवळा करतो. चित्र मागच्या पुठ्ठ्याला फेव्हिकॉलने चारही कोपऱ्यांत चिकटवू देऊ नका, कागद हवेप्रमाणे फुगतो-आकसतो, चारी बाजू बांधल्या की लाटा येतात. वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी टेपने टांगायचं, खाली मोकळं. सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा चिकटा कागदात उतरतो. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे दोन तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट हलकी पडते, फुटत नाही, पण चारकोल किंवा सुक्या पेस्टलवर नको, ती भुकटी ओढून घेते. आणि चित्र आधीच काचेला चिकटलं असेल तर माझ्यासारखं ओढू नका, तसंच काचेसकट ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

ज्यांच्या घरी आधीच बिनमाऊंटच्या फ्रेमा आहेत त्यांनी घाबरून जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते तेव्हा उघडून बघा, बहुतेक वेळा चित्र ठीक असतं, फट करून पुन्हा बंद करायचं.

हे सगळं मी तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ सरांना सांगितलं तर म्हणाले, आपल्या कोल्हापूरचे जुने थोर चित्रकार अबालाल रहिमान, त्यांनी काय माऊंटचा विचार करून रंकाळा रंगवला का? मी गप्प बसले. आता बसणार नाही. अबालालांच्या मागे शाहू महाराज उभे होते, माझ्यामागे घराचा हप्ता आहे, माझ्याकडून चित्र घेणारा पहिला माणूस गमावणं मला परवडत नाही. सरांबद्दल एकूणच माझं मत असं आहे की जे सर तुमच्या चित्रावर स्वतःचा ब्रश मारून 'बघ, असं' म्हणतात त्यांच्याकडून लवकर निघा, कारण वर्षभराने भिंतीवर तुमच्या नावाखाली त्यांचं चित्र लागतं. जे फक्त 'हे झाड इथे का आहे?' एवढं विचारून चहा प्यायला जातात, त्यांना सोडू नका.

बाकीचं पटापट. फ्रेमच्या मागे मधोमध एकच कडी असेल तर चित्र दिवसभर तिरकं होत राहतं, वरून एक तृतीयांशावर दोन बाजूंना दोन कड्या आणि मध्ये तार. लेबलवर नाव, माध्यम, साईज, किंमत आधीच टाईप करून न्या, तिथे पेनाने लिहिलेलं फार केविलवाणं दिसतं. विक्रीतून ग्रुप किती टक्के कापणार ते फी भरायच्या आधी विचारा, लाजू नका. आणि शोमध्ये एक किंमत, घरी येणाऱ्या पाहुण्याला निम्मी, असं केलंत तर गावात दोन दिवसांत कळतं.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शन, फी भरा, प्रत्येकाला ट्रॉफी' या मेसेजपासून लांब राहा. मी दोनदा भरले, घरात दोन ट्रॉफ्या आहेत, एकीवर माझं नाव चुकलंय. जिथे चित्र नाकारलं जाऊ शकतं तिथे पाठवा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, तिचं वार्षिक प्रदर्शन आहे, राज्य कला प्रदर्शन आहे. मला बॉम्बे आर्टने तीनदा नकार दिलाय आणि तिन्ही वेळा दोन दिवस जेवण गेलं नाही, मग गेलं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचं बुकिंग मिळायला वर्षानुवर्षं जातात म्हणून तोपर्यंत घरी बसून राहायचं का? सोसायटीचा हॉल काय वाईट आहे, तिथे भाजी घेऊन येणारी बाई चित्रासमोर दहा मिनिटं उभी राहते, हे मी बघितलंय.

दुपारी दोन ते चार कोणी फिरकत नाही, तेव्हा उदास वाटतं, ते सगळ्यांना वाटतं, डबा आणि स्केचबुक घेऊन बसा. येणारा हमखास विचारणार, किती दिवसांत काढलं? चिडू नका, त्याला बोलायचं असतं, सुरुवात सापडत नसते.

मास्तरांना मी पैसे परत द्यायला गेले होते. त्यांनी घेतले नाहीत, म्हणाले दुसरं काढून द्या, पण ढग आधीच काढा. दिवाळीनंतर तोच रंकाळा पुन्हा केला, माऊंटसकट, आणि ओल येणाऱ्या भिंतीवरून खिळा हलवून समोरच्या भिंतीवर मीच ठोकला. आभाळ चिकटलेली ती जुनी काच अजून माझ्या कपाटात आहे. फ्रेमवाला बदलला की पहिल्या दिवशी ती घेऊन जाते आणि त्याच्या टेबलावर ठेवते, मग माऊंट नको असं तोही म्हणत नाही.