शाब्दिक उदाहरण कसे सोडवावे

शालेय गणितात मुले अडतात ती बहुधा आकडेमोडीत नव्हे, तर वाक्याचे समीकरण करताना. म्हणून उदाहरण दोनदा वाचून काय दिले आहे आणि काय काढायचे आहे, हे आधी कागदावर लिहावे.

समजा, एका आयताकृती अंगणाची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे आणि कर्णाची लांबी विचारली आहे. ‘अंगणाची रुंदी क्ष मीटर मानू’ असे पूर्ण वाक्य लिहावे. नुसते ‘क्ष मानू’ लिहिले, तर शेवटी आलेली संख्या लांबी की रुंदी, याचा घोळ होतो. आता क्ष(क्ष + ७) = ६०, म्हणजेच क्ष² + ७क्ष − ६० = ०. गुणाकार −६० आणि बेरीज ७ येईल अशा दोन संख्या हव्यात, तेव्हा एक धन व दुसरी ऋण असणार. १ व ६०, २ व ३०, ३ व २०, ४ व १५, ५ व १२ अशा जोड्या क्रमाने लिहीत गेल्यास शेवटच्या जोडीत ७ चा फरक सापडतो. त्यावरून (क्ष + १२)(क्ष − ५) = ०, म्हणून क्ष = −१२ किंवा क्ष = ५. रुंदी ऋण असू शकत नाही, हे कारण लिहूनच −१२ सोडावे. रुंदी ५ मीटर आणि लांबी १२ मीटर. पडताळा मात्र मूळ वाक्याशी घ्यावा, कारण समीकरणच चुकीचे मांडले असेल, तर त्यात किंमत घालून ती चूक कधीच दिसणार नाही.

कर्णासाठी कच्ची आकृती काढावी आणि ती चौरसासारखी दिसू देऊ नये, नाहीतर न दिलेले गुणधर्म डोळ्यांना खरे वाटू लागतात. मराठीत आयताचा कर्ण आणि काटकोन त्रिकोणाचा कर्ण यांना एकच शब्द आहे, आणि येथे ते दोन्ही एकच रेषाखंड आहेत, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने ५² + १२² = १६९, म्हणजे कर्ण १३ मीटर. बौधायनाच्या शुल्बसूत्रातही (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथातही) हा नियम आयताच्या कर्णासाठीच सांगितला असून त्याच्या उदाहरणांत १२ व ५ ही जोडी आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

संभाव्यतेत सूत्रापेक्षा नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींची यादी, महत्त्वाचा. दोन फासे टाकल्यास बेरीज २ ते १२ अशी अकरा प्रकारची येते, म्हणून ७ येण्याची संभाव्यता १/११ असे अनेकजण लिहितात. परंतु या बेरजा समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, नाहीत. एक फासा लाल व दुसरा पांढरा आहे असे मानले, की (२, ५) आणि (५, २) हे वेगळे निष्पत्तिघटक आहेत हे चटकन पटते. एकूण ३६ पैकी (१, ६), (२, ५), (३, ४), (४, ३), (५, २), (६, १) हे सहा अनुकूल, म्हणून उत्तर १/६. ‘किमान’ या शब्दाखाली तर रेघच ओढावी: ‘बेरीज किमान १०’ म्हणजे १०, ११ आणि १२ या तिन्ही बेरजा, म्हणून अनुकूल घटक ३ नसून ३ + २ + १ = ६ होतात.