इंग्रजी वाक्य 'अँड'नंतर का घसरतं? या चुका टाळा

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत शिकलेली मुलं पाचवीत सहसा इंग्रजी माध्यमात जातात. मग काळ, आर्टिकल, स्पेलिंग यांवर वर्षानुवर्षं मेहनत होते. वाक्यातली समांतर रचना, म्हणजे पॅरलल स्ट्रक्चर, मात्र बहुतेकांना कुणी बसवून शिकवलेली नसते. त्यामुळे नोकरीच्या अर्जात, खोली भाड्याने देण्याच्या जाहिरातीत किंवा पंचायतीला लिहिलेल्या पत्रात प्रत्येक शब्द बरोबर असूनही वाक्य अडखळतं. कुठे चुकलं ते लिहिणाऱ्याला सापडत नाही, आणि हेच मला फार खटकतं. कारण दुरुस्ती अगदी सोपी आहे.

नियम इतकाच: 'अँड', 'ऑर', 'बट' यांनी जोडलेले घटक व्याकरणाच्या दृष्टीने एकाच जातीचे हवेत. नामाला नाम, '-इंग'ला '-इंग', 'टू'ला 'टू', पूर्ण वाक्याला पूर्ण वाक्य. चूक बहुतेक वेळा शेवटच्या घटकात होते, कारण तिथे पोहोचेपर्यंत सुरुवात कशी केली होती ते डोक्यातून गेलेलं असतं. म्हणून तपासताना मागून पुढे या. आधी 'अँड' शोधा, त्याच्या लगेच पुढचा शब्द बघा, मग डावीकडे जाऊन त्याचे जोडीदार शोधा. 'मला पोहायला, वाचायला आणि स्वयंपाक करणं आवडतं' असं मराठीत आपण बोलणार नाही. कान तयार आहे, तो इंग्रजीसाठीही वापरायचा.

'-इंग' आणि 'टू' यांची सरमिसळ

'आय लाइक स्विमिंग, रीडिंग अँड टू कुक.' ही चूक सगळ्यांना माहीत असते, तरी होते. 'स्विमिंग, रीडिंग अँड कुकिंग' केलं की झालं. 'टू स्विम, रीड अँड कुक' हेही चालेल, कारण 'लाइक' दोन्ही रूपं घेतं. पण सगळीच क्रियापदं इतकी मोकळी नसतात. 'एन्जॉय'ला फक्त '-इंग' चालतं, 'वाँट'ला फक्त 'टू'. म्हणून 'शी वाँट्स टू स्टडी नर्सिंग अँड वर्किंग इन मडगाव' हे सुधारताना मनाला येईल ते रूप घेता येत नाही. 'टू स्टडी नर्सिंग अँड वर्क इन मडगाव' हेच बरोबर. सुरुवातीचा 'टू' एकदा लिहिला तरी 'वर्क'लाही लागू होतो.

यादीत भलताच घटक घुसतो

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी अडचण आहे, आणि किनारपट्टीतल्या खोल्यांच्या जाहिरातीत ती हमखास दिसते: 'द रूम हॅज अ फॅन, अ किचन अँड इज क्लोज टू द बीच.' वाचणाऱ्याने 'हॅज' धरून यादी सुरू केली. हॅज अ फॅन, ठीक. हॅज अ किचन, ठीक. तिसऱ्याला 'हॅज इज क्लोज'! यादी दोन नामांची, आणि तिसऱ्या जागी क्रियापद येऊन बसलंय.

मराठीत आपण 'खोलीत पंखा आहे, स्वयंपाकघर आहे आणि ती किनाऱ्याजवळ आहे' असं म्हणतो. तिन्हीकडे 'आहे' असल्यामुळे काहीच खुपत नाही. इंग्रजीत त्याच जागी कधी 'हॅज' लागतं, कधी 'इज', आणि तिथेच सांधा निसटतो.

दुरुस्ती अशी: 'द रूम हॅज अ फॅन अँड अ किचन, अँड इट इज क्लोज टू द बीच.' एका वाक्यात दोन 'अँड' आले म्हणून अनेक जण बिचकतात आणि पहिला खोडून टाकतात. खोडू नका. पहिला 'अँड' दोन नामं जोडतोय, दुसरा दोन वाक्यं. कामं वेगळी आहेत. दुसरा मार्ग म्हणजे तीन क्रियापदांचीच यादी करायची: 'द रूम हॅज अ फॅन अँड अ किचन, फेसेस द रिव्हर अँड कॉस्ट्स लेस इन जून.' हॅज, फेसेस, कॉस्ट्स, तिघांचा कर्ता एकच.

शंका आली की सामायिक शब्द प्रत्येक घटकाआधी मोठ्याने म्हणून बघा. जिथे जीभ अडेल तिथे चूक आहे.

बायोडाटातल्या ओळी

हॉटेलातल्या नोकरीसाठी केलेल्या बायोडाटात अनुभवाच्या रकान्यात साधारण अशा ओळी असतात:

मॅनेज्ड द फ्रंट ऑफिस
हँडलिंग गेस्ट कम्प्लेंट्स
रिस्पॉन्सिबल फॉर बिलिंग
आय ट्रेन्ड न्यू स्टाफ

पहिली ओळ भूतकाळी क्रियापदाने सुरू होते, दुसरी '-इंग'ने, तिसरी विशेषणाने, चौथी पूर्ण वाक्य आहे. यात 'अँड' कुठेच नाही, तरी एकाखाली एक लिहिलेल्या ओळी ही यादीच असते आणि तिला तोच नियम लागतो. आता हे पाहा:

मॅनेज्ड द फ्रंट ऑफिस
हँडल्ड गेस्ट कम्प्लेंट्स
प्रिपेअर्ड बिल्स
ट्रेन्ड न्यू स्टाफ

तिसऱ्या ओळीत नुसतं रूप बदललेलं नाही. 'रिस्पॉन्सिबल फॉर बिलिंग'मध्ये जबाबदारी होती एवढंच कळतं. 'प्रिपेअर्ड बिल्स'मध्ये काम केलेलं दिसतं. रूप जुळवायला बसलं की नेमकं काय केलं हे स्वतःला विचारावंच लागतं, आणि बायोडाटा तिथेच सुधारतो. सध्याच्या नोकरीबद्दल लिहीत असाल तर सगळ्या ओळी वर्तमानकाळात घ्या: मॅनेज, हँडल, प्रिपेअर, ट्रेन.

शब्दयोगी शब्द एकदा की प्रत्येक वेळी?

'आमची दुकानं फोंडा, म्हापसा आणि डिचोली इथे आहेत.' मराठीत शेवटचा एक 'इथे' तिन्ही गावांना पुरतो. इंग्रजीत हे काम पुढून होतं. त्यामुळे 'इन' सुरुवातीला एकदा लिहा, नाहीतर तिन्ही गावांआधी लिहा. 'इन फोंडा, म्हापसा अँड इन डिचोली' हे अर्धवट आहे.

दोन्ही पद्धतींचा उत्तम नमुना आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहे. 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारलेल्या त्या मजकुरात 'लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप' असं आहे, म्हणजे 'ऑफ' एकदाच. लगेच पुढे 'इक्वॉलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी', इथे दोनदा. दोन्ही बरोबर, कारण प्रत्येक यादी आपापल्या पद्धतीला शेवटपर्यंत धरून आहे. शक्य असेल तर उद्देशिका इंग्रजीत मोठ्याने वाचा. समांतर रचनेचा इतका चांगला पाठ दुसरा मला माहीत नाही.

शब्दयोगी वेगवेगळे असतील तर मात्र प्रत्येक लिहावाच लागतो. लिंकन यांच्या 1863च्या गेटिसबर्ग भाषणातलं 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' याच बांधणीचं. म्हणून 'शी इज इंटरेस्टेड अँड गुड ॲट म्युझिक' चूक. 'शी इज इंटरेस्टेड इन म्युझिक अँड गुड ॲट इट' असं लिहा.

'नॉट ओन्ली' चुकीच्या जागी

'ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कोंकणी.' 'नॉट ओन्ली'नंतर क्रियापद, 'बट ऑल्सो'नंतर भाषेचं नाव. जोडी जमली नाही. 'ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कोंकणी' म्हटलं की दोन्हीकडे भाषा आल्या. मराठीत 'तो मराठीच नाही, तर कोंकणीही बोलतो' म्हणताना 'च' आणि 'ही' आपोआप योग्य शब्दाला चिकटतात, क्रियापद शेवटी निवांत बसतं. इंग्रजीत क्रियापद मध्ये असल्याने जागा आपल्यालाच ठरवावी लागते. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'बोथ-अँड' यांचंही तसंच.

तुलना

'द रेनफॉल इन सत्तरी इज हेवियर दॅन पणजी.' इथे पावसाची तुलना शहराशी झाली. 'दॅन इन पणजी' हवं. 'पणजीपेक्षा' हा शब्द मराठीत बिनधास्त चालतो, म्हणून ही चूक डोळ्यांना दिसत नाही.

दुरुस्तीचा अतिरेक

हे कळल्यावर काही जण सगळंच एका मापाचं करायला जातात. तसं नको. घटकांची लांबी सारखी असण्याची गरज नाही. काळही गरजेप्रमाणे बदलू शकतो: 'शी वर्क्ड इन वास्को फॉर टू इयर्स अँड नाऊ टीचेस इन पेडणे' हे निर्दोष आहे, कारण दोन्हीकडे क्रियापदच आहे आणि वेळ खरोखर वेगळी आहे. घटक मुळातच वेगळ्या जातीचे असतील तर ओढाताण न करता दोन वाक्यं करा: 'द हॉल सीट्स टू हंड्रेड पीपल. पार्किंग इज फ्री.'