स्पॅनिशची उजळणी: वेळ कमी असेल तर या चुका टाळा

आठवडाभर वहीला हात लावायचा नाही आणि रविवारी तीन तास मांडी ठोकून बसायचं, हा नोकरदारांचा नेहमीचा बेत. मीही वर्षभर हेच केलं. रविवारी पाठ केलेले शब्द गुरुवारपर्यंत पुसले जायचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की नवं पाठांतर सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा, १५ मिनिटं का होईना.

ही १५ मिनिटं नुसती वही वाचण्यात घालवू नका. पान ओळखीचं वाटतं, पण बोलायला गेलं की शब्द सापडत नाही. मी लोकलमध्ये कार्डं काढते. पुढे ‘मला भूक लागली आहे’, मागे ‘तेंगो आंब्रे’. आधी ओठांतल्या ओठांत उत्तर म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. चुकलेलं कार्ड उद्या पुन्हा, बरोबर आलेलं तीन दिवसांनी.

नाम कधीही एकटं लिहू नका, त्याचं लिंग सांगणारं ‘एल’ किंवा ‘ला’ सोबत लिहा. ‘एल प्रोब्लेमा’ पुल्लिंगी, ‘ला मानो’ स्त्रीलिंगी. शेवटी ‘आ’ म्हणजे स्त्रीलिंगी, ‘ओ’ म्हणजे पुल्लिंगी, असं शेवटच्या अक्षरावर विसंबलात तर दोन्ही चुकतील.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी लिहिल्याने. ‘आय लाइक’ डोक्यात ठेवलं की तोंडून ‘यो गुस्तो’ निघतं. मराठीत आपण ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ म्हणतो, क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. स्पॅनिशही तसंच: ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. भूतकाळातही ‘काल गेले’ म्हणजे ‘फुई’, ‘रोज जायचे’ म्हणजे ‘ईबा’. इंग्रजी ‘वेंट’ दोन्हीकडे चालतं, तिथेच गोंधळ होतो. इतकी जवळची वाट घरात असताना वळसा कशाला?

मात्र ‘आहे’पाशी सावध राहा. ‘एस आबुरीदा’ म्हणजे ती कंटाळवाणी आहे, ‘एस्ता आबुरीदा’ म्हणजे ती कंटाळली आहे. आपलं ‘आहे’ दोन्हीकडे एकच, म्हणून ही दोन कार्डं नेहमी लागोपाठ विचारा.

आणि कामाच्या धबडग्यात आठ-दहा दिवसांचा खंड पडलाच, तर पहिल्यापासून सुरुवात करू नका. नवे शब्द थांबवा, साचलेल्या गठ्ठ्यातली रोज २० कार्डं काढा. गठ्ठा संपला की पुढचा धडा उघडा.