नगरसेवक आणि नगरपरिषदेचे कर्मचारी : काम कुठे अडते, कसे सुटते

नगरपरिषदेत एखादी फाइल टेबलावर पडून राहिली की नगरसेवकाला वाटते, कर्मचारी मुद्दाम अडवतोय. कधी तसे असतेही. पण बहुतेक वेळा टेबलामागच्या माणसाच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालू असतो : उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली कुणाकडून होणार? आक्षेप सही करणाऱ्यावर निघतो, तोंडी सांगणाऱ्यावर निघत नाही. "भाऊ, तुमचं बघतो" म्हणत लिपिक महिनाभर टोलवतो, त्यामागे अनेकदा हेच असते. हे एकदा लक्षात घेतले की उपायही दिसतो : कर्मचाऱ्याला उद्या दाखवता येईल असा कागद त्याच्या हातात द्या.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपूर्वी राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा काही वर्षे प्रशासकाच्या हाती होत्या. या काळात कर्मचाऱ्यांना एकाच साहेबांचे ऐकायची सवय लागली आणि नव्याने निवडून आलेल्या अनेकांनी सभागृह आतून पाहिलेले नाही. म्हणून दोघांनाही मुळापासून सुरुवात करावी लागते.

कोणाचा अधिकार कुठे

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने धोरण, अंदाजपत्रक आणि मंजुरी सभागृहाकडे दिली आहे; अंमलबजावणी आणि कर्मचाऱ्यांवरचे नियंत्रण मुख्याधिकाऱ्यांकडे. मुख्याधिकारी राज्य शासनाच्या सेवेतले असतात, नगरपरिषदेने नेमलेले नसतात. नगराध्यक्षांना कलम ५८(२) खाली तातडीचे काम सुरू करायला किंवा थांबवायला सांगता येते, पण ते लगेच सभेपुढे ठेवावे लागते. एकट्या नगरसेवकाला सफाई मुकादमाला, पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला किंवा लिपिकाला आदेश देण्याचा कायदेशीर अधिकार नाही. त्याची ताकद सभागृहात, समितीत आणि लेखी पाठपुराव्यात असते.

हे ऐकायला कडू लागते, कारण मतदार फोन नगरसेवकालाच करतो. तरी मुकादमाला थेट "आधी आमची गल्ली कर" म्हणू नये. नगरपरिषदेत एका प्रभागातून साधारण दोन नगरसेवक निवडून येतात, कधी दोन वेगळ्या पक्षांचे. सकाळी एकाने एक गल्ली सांगितली, दुपारी दुसऱ्याने दुसरी, की मुकादम दोघांनाही "हो" म्हणतो आणि जुन्याच क्रमाने जातो. दोघांनी एकदा बसून प्रभागाचा सफाईचा क्रम ठरवावा आणि तो स्वच्छता निरीक्षकांकडे एकाच कागदावर, दोघांच्या सह्यांनी द्यावा. राजकारण सभागृहात करा, गटारीवर नको.

पहिल्या पंधरा दिवसांत मिळवायच्या गोष्टी

मुख्याधिकाऱ्यांना एकच पत्र देऊन पुढची माहिती मागा :

– कामवाटपाचा आदेश : कोणत्या टेबलावर कोणता विषय, कोणाच्या रजेत कोण बघणार.
– चालू ठेक्यांची यादी : घंटागाडी, दिवाबत्ती, कंत्राटी कामगार, पाण्याची टाकी, प्रत्येकाची मुदत कधी संपते.
– तुमच्या प्रभागातली मंजूर पण अपुरी कामे, ठराव क्रमांक व तारखेसह.
– पाणी सोडण्याचे वेळापत्रक आणि कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे याचा नकाशा. अनेक ठिकाणी हा नकाशा व्हॉल्व्हमनच्या डोक्यातच असतो; तसे असेल तर तो कागदावर उतरवून घ्या. तो माणूस निवृत्त झाला की पंचाईत होते.

ठेक्याची मुदत हा मुद्दा लहान दिसतो, पण तिथेच कितीतरी भांडणे मिटतात. घंटागाडीचा चालक नगरपरिषदेचा नोकर नसून ठेकेदाराचा माणूस असतो. त्याच्यावर ओरडून काही हाती लागत नाही. गाडी आली नाही तर करारात दंडाची तरतूद असते, आणि तो दंड स्वच्छता विभागाने बिलातून कापायचा असतो. "गाडी येत नाही" अशी तक्रार करण्याऐवजी "या महिन्यात या पाच तारखांना गाडी आली नाही, ठेकेदाराच्या देयकातून दंड कापला का?" असे विचारा. उत्तर द्यावेच लागते.

आपले नसलेले कामही ओळखावे. वाकलेला विजेचा खांब महावितरणचा असू शकतो, शहरातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा. अशा वेळी नगरपरिषदेच्या अभियंत्याशी भांडण्यात महिना जातो. त्यांच्याकडून संबंधित कार्यालयाला पत्र धाडून घ्या आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.

तक्रारीचे पत्र कसे असावे

व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून "याकडे लक्ष द्या" लिहिले की ते पंधरा मिनिटांत खाली जाते. नागरिकांच्या गटात कर्मचाऱ्याचे नाव घेऊन टाकले तर तो तुमचा फोन उचलायचाच बंद होतो. व्हॉट्सअॅप तातडीच्या निरोपासाठी वापरा, नोंदीसाठी पत्र द्या. पत्र असे :

"प्रति, मुख्याधिकारी. विषय : प्रभाग ७, जुन्या बाजाराच्या मागील गल्लीतील पाणीपुरवठा. वरील गल्लीतील १२ घरांना सोमवारपासून पाणी येत नाही. शेजारच्या गल्लीत त्याच वेळेला पाणी येते, त्यामुळे व्हॉल्व्हमध्ये किंवा जोडवाहिनीत बिघाड असावा. पाणीपुरवठा अभियंत्यांनी पाहणी करून केलेली कार्यवाही ८ दिवसांत कळवावी. प्रत : सभापती, पाणीपुरवठा समिती."

एका पत्रात एकच विषय. गटार, दिवा आणि घरपट्टी एकत्र लिहिली की ते पत्र तीन विभागांत फिरते आणि कुणाचेच होत नाही. आवक-जावक विभागात नोंद करून तुमच्या प्रतीवर क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. मुदत देताना डोके वापरा : जळालेल्या दिव्याला दोन दिवस पुरतात, नव्या गटारीला आठ दिवस मागणे हास्यास्पद आहे.

ठराव झाला म्हणजे काम झाले नाही

नगरसेवक आणि अभियंता यांच्यात सर्वांत जास्त खटके इथेच उडतात. प्रभागात फलक लागतो, नारळ फुटतो आणि काम मात्र उभे राहत नाही. साधारण साखळी अशी : जागेची पाहणी, दरसूचीनुसार इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, निधीची तरतूद, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, त्रयस्थ तपासणी, देयक. ही साखळी कुठेही तुटू शकते, म्हणून "काम कधी होणार?" हा प्रश्न निरुपयोगी. "फाइल आज कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या टेबलावर आहे आणि पुढच्या टप्प्याला काय कमी आहे?" असे विचारा.

सहसा तीन गोष्टी आडव्या येतात. एक, जागा : रस्ता विकास आराखड्यात नाही किंवा खाजगी मालकीचा आहे, आणि खाजगी जागेवर सरकारी पैसा लावला की आक्षेप ठरलेला. इस्टिमेट मागण्याआधी नगररचना विभागातून जागेची खात्री करून घ्या. दोन, निधीचे शीर्ष : वित्त आयोगाचे बंधित (ठराविक कामांसाठीचे) अनुदान, नागरी वस्ती सुधार आणि नगरोत्थान या राज्याच्या योजना, नगरपरिषदेचा स्वनिधी, प्रत्येकाचे नियम वेगळे. लेखापाल "बसत नाही" म्हणतात तेव्हा ते कुठल्या शीर्षात बसेल हे त्यांनाच विचारा. ते माहीत असलेला माणूस इमारतीत बहुधा तेच असतात. तीन, कामाची फोड. एकच रस्ता तीन तुकड्यांत करून निविदेची मर्यादा टाळायचा आग्रह धरला तर अभियंता पाय मागे घेईल, आणि त्याचे बरोबर असेल.

काम चालू असताना ठेकेदाराला परस्पर "अजून दहा मीटर वाढव" सांगू नका. इस्टिमेटबाहेरचे काम मोजमाप पुस्तिकेत चढत नाही, ठेकेदाराचे बिल अडते आणि तो पुढच्या कामात सिमेंट वाचवून ते वसूल करतो. काम पूर्ण झाल्यावर दोषदायित्वाची मुदत कधी संपते ते लिहून ठेवा. रस्ता त्या मुदतीआधी उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने करायची असते, त्यासाठी नवे इस्टिमेट लागत नाही. हे वेळेवर आठवण करून देणारा नगरसेवक अभियंत्यालाही हवा असतो, कारण एरवी ठेकेदारावर दबाव आणणारे कुणी नसते.

सभेच्या आधीचा आठवडा

सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी, विशेष सभेची तीन दिवस आधी मिळते. विषयपत्रिका हातात येताच प्रत्येक विषयाची टिप्पणी (कार्यालयाने लिहिलेली माहिती) मागा आणि सभेच्या दोन दिवस आधी कार्यालयात जाऊन मूळ फाइल वाचा. शंका असेल तर विभागप्रमुखांना तिथेच सांगा : "हा प्रश्न मी सभेत विचारणार आहे." यामुळे प्रश्न बोथट होत नाही. उलट अधिकारी कागद घेऊन येतो आणि "माहिती घेऊन सांगतो" ही पळवाट बंद होते.

ऐनवेळचा, म्हणजे विषयपत्रिकेत नसताना सभेत आणलेला, विषय हा मोठा सापळा आहे. टिप्पणी नाही, निधीचा उल्लेख नाही आणि शेवटच्या दहा मिनिटांत टेबल वाजवून मंजूर. असा बेकायदा ठराव कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी रोखू शकतात. मग मुख्याधिकारी अंमलबजावणी करत नाहीत म्हणून ओरड होते, चूक खरे तर सभागृहाच्या घाईची असते.

सभा संपल्यावर भांडण इतिवृत्तावरून, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीवरून, होते. विरोध किंवा उपसूचना नुसती बोलू नका. कागदावर लिहून सभेतच सभा लिपिकाकडे द्या, पोच घ्या. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याआधी तुमची नोंद शब्दशः आली आहे का ते पाहा. महिन्यानंतर "मी विरोध केला होता" म्हणून सभा लिपिकावर चिडण्यात अर्थ नाही.

अतिक्रमण : इथे पाय घसरतो

मतदाराचे बेकायदा शेड पाडायला पथक आले की तो रडत नगरसेवकाकडे येतो, आणि नगरसेवक लेटरहेडवर "कारवाई थांबवावी" लिहून देतो. अधिनियमाच्या कलम ४४(१)(ई) नुसार बेकायदा बांधकाम पाडण्यास लेखी पत्राने किंवा प्रत्यक्ष अडथळा आणणारा नगरसेवक अपात्र ठरू शकतो. त्या एका ओळीने पद जाऊ शकते. जागेवर जाऊन अंगावर धावलात तर भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ (सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला) आणि २२१ (त्याच्या कामात अडथळा) वेगळे.

काय करता येते? नोटीस रीतसर बजावली का, मुदत दिली का, बांधकाम नियमित करण्यासाठी अर्ज करता येतो का, हे नगररचना विभागात विचारून मतदाराला त्याच्या नावाने अर्ज करायला सांगा. घरपट्टीवरच्या शास्तीचेही (दंडाचेही) असेच : ती माफ करणे वसुली लिपिकाच्या हातात नसते, त्याच्यावर दबाव टाकून मिळतो तो फक्त खोटा होकार.

कर्मचाऱ्यांसाठी

"बघतो" हा शब्द सोडा. नकार द्यायचा असेल तर कारण आणि नियम सांगून द्या. नगरसेवकाला मतदारापुढे उत्तर म्हणून तेच लागते. तोंडी सूचना आली तर फाइलवर टिपणी लिहा : "मा. सदस्यांनी अमुक तारखेला दूरध्वनीवरून कळविल्यानुसार पाहणी केली." ही ओळ तुम्हाला वाचवते. सत्ताधारी सदस्याला जी माहिती दिली तीच विरोधकाला त्याच दिवशी द्या. एकाला फाइल दाखवून दुसऱ्याला माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावले की त्याचे रूपांतर वर्षभराच्या वैरात होते.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने एक प्रश्न रोजचा आहे : ताई निवडून आल्या, फोन मात्र त्यांच्या यजमानांचा. नम्रपणे "ताईंचे पत्र किंवा ताईंचा फोन आला की लगेच करतो" एवढे म्हणा, आणि सगळ्यांना तेच म्हणा. पत्रव्यवहार, फाइल दाखवणे, सभेची कागदपत्रे फक्त सदस्याच्या हातात द्या.

कर्मचाऱ्याबद्दल खरीच तक्रार असेल तर ती नागरिकांसमोर काउंटरवर मांडू नये. तारीख, वेळ, काय घडले, कोणता नागरिक अडला, हे लिहून मुख्याधिकाऱ्यांना द्या. चौकशी आणि शिस्तभंगाची कारवाई त्यांनीच करायची असते. चांगल्या कामाचे पत्रही त्याच पद्धतीने द्या, ते फाइलला लागते.

मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली की अर्धवट विषय हरवतात. नवे साहेब रुजू झाले की पहिल्या आठवड्यात एका पानाचा तक्ता घेऊन भेटा : काम, ठराव क्रमांक आणि तारीख, पत्राचा आवक क्रमांक, फाइलचा सध्याचा टप्पा. सोबत पोचेच्या प्रती. दहा ओळी पुरेत. चाळीस ओळींचा तक्ता कुणी वाचत नाही.