देवळात गेल्यावर आधी दगड बघावा

मी गवंडी. रत्नागिरी तालुक्यात आणि आजूबाजूला चाळीस वर्षं चिरा, म्हणजे चौकोनी तासलेला दगड, लावला. घरं, गडगे, विहिरी बांधल्या आणि दहाबारा देवळांच्या जीर्णोद्धाराला हात लागला. आता गुडघे परांचीवर चढू देत नाहीत, म्हणून मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या नातवंडांना देवळं दाखवत हिंडतो. पोरं आत शिरली की थेट मूर्तीचा फोटो काढायला धावतात. मी त्यांना बाहेरच अडवतो. जोत्यावर हात ठेवा, म्हणतो, आणि सांगा हा दगड कुठला.

सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उंच सपाट कातळावर, आपल्या पायाखाली जांभा असतो. लाल, खरखरीत, भोकाभोकांचा. त्यात खांब निघतो, पायरी निघते, दीपमाळ उभी राहते, पण देवाचं नाक निघत नाही. छिन्नी भोकाशी पोचली की कड तुटलीच. म्हणून जांभ्याच्या देवळात बोटांची नखंसुद्धा दिसणारी काळी मूर्ती असेल, तर तो दगड त्या सड्यावरचा नाही. नदीच्या खोऱ्यातून, घाटाच्या पायथ्याहून नाहीतर घाटावरून कोणीतरी तो आणलाय. गाडीवाट धड नव्हती त्या काळात. मग पोरांना पुढचा प्रश्न टाकायचा: एवढा खर्च कोण करेल? या गावात तेव्हा बंदर होतं का, घाटाकडे जाणारी वाट होती का? संगमेश्वराजवळच्या कसब्यातलं कर्णेश्वर बघा. ते नदीकाठी आहे आणि अख्खंच्या अख्खं काळ्या दगडाचं. तिथे छतापर्यंत कोरायची हौस भागली, कारण दगड तसा होता.

जांभा झाला कसा, हे कळायला काळा दगडच समजून घ्यावा लागतो. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, एकावर एक थर साचले, त्याचा हा काळा दगड. घाटात रस्त्यासाठी कापलेली उभी दरड नीट बघा. दोन काळ्या थरांच्या मधे कधीकधी विटकरी लाल पट्टी दिसते. पोरांना वाटतं गेरू लावलाय. एक थर थंड झाला, त्याच्यावर माती धरली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती भाजून गेला, ती ही पट्टी. म्हणजे दोन थरांमधे बराच काळ गेलेला. आम्ही भिंत बांधताना एक थर ओला असताना दुसरा चढवला तर सांधा वेगळा दिसतो आणि महिनाभराने चढवला तर वेगळा. तोच हिशेब.

मग त्या काळ्या दगडावर आपला पाऊस पडत राहिला. पावसाने त्यातला वाळूसारखा अंश धुऊन नेला, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. खाणीतून काढताना ओला आणि मऊ, वाऱ्याऊन्हाला लागला की घट्ट. केरळात हाच दगड विटेसारखा कापून घरं बांधतात हे बघून बुकानन नावाच्या साहेबाने 1807 मध्ये त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिलं. आपल्याकडे जांभ्या रंगाचा म्हणून जांभा. मला आपलंच नाव बरं वाटतं.

थर बघायला घाटात जायलाच पाहिजे असं नाही. कोणाची विहीर खणत असतील तर तिथे जाऊन उभे रहा. वर कडक कातळ, मग मऊ जांभा, खाली पांढरट-पिवळी चिकण माती, आणि त्याच्याखाली काळा दगड. पाणी जांभ्यातून झिरपतं आणि त्या मातीवर येऊन अडतं. म्हणून सड्याच्या उतरणीला झरे फुटतात, आणि झऱ्याजवळ देव असतो. रत्नागिरीच्या आसपास काही विहिरींत जांभ्याच्या खाली निळसर माती लागली आणि तिच्यात कोळसा व्हायच्या वाटेवरची लाकडं सापडली. जांभ्याच्या आधी तिथे रान होतं, आणखी काय.

आता देऊळ. नेहमी खालून वर वाचायचं. जोतं सगळ्यांत जुनं, छप्पर सगळ्यांत नवं, हा कोकणातला साधा नियम, कारण पाऊस लाकूड-कौलं खातो आणि जोतं तसंच राहतं. सांध्यात नख घालून बघा. दगडावर दगड नुसता घासून बसवलेला असेल तर काम बहुधा जुनं. पांढरा चुना आणि त्यात शिंपल्याचे तुकडे दिसले तर मधल्या काळातलं. इथे चुना शिंपले भाजूनच करायचे. सिमेंट असेल तर आमच्यासारख्यांचं. चिऱ्याच्या अंगावरही खूण असते. हाताने काढलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरपे, कमीजास्त घाव दिसतात. मशीनच्या चिऱ्यावर चकतीच्या गोल रेषा एकसारख्या उमटतात.

मग नक्षी बघा, पण ती कुठे तुटते ते आधी. चौकटीवरची वेल सांध्याशी अर्ध्यावर थांबली आणि पलीकडे दुसरंच फूल सुरू झालं, तर ती चौकट दुसऱ्या देवळातून आणून बसवली आहे. कीर्तिमुख, म्हणजे वटारल्या डोळ्यांचं राक्षसी तोंड, उंबऱ्याजवळ असायचं ते भिंतीत आडवं दिसलं, तरी तेच. विष्णूची मूर्ती असेल तर चार हातांतली आयुधं क्रमाने मोजा. आपल्या नाही, मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करून वर जायचं, मग डावीकडे वरून खाली. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की तो केशव. क्रम बदलला की नाव बदलतं, अशी चोवीस नावं आहेत. कोळिसऱ्याच्या लक्ष्मीकेशवापुढे उभं राहून मोजून बघा.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, मात्र मूर्तीसारखा एका नजरेत वाचू नका, त्याचे कप्पे असतात. तळाच्या कप्प्यात लढाई आणि पडलेला वीर, त्याच्यावर त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर तो पिंडीची पूजा करताना, आणि टोकाला चंद्रसूर्य. बोरिवलीच्या एकसरमधल्या वीरगळांवर तर समुद्रातली लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नावा कोरल्यात. दर्यावर्दी लोक आपण, आणि आपल्यातल्या कितीजणांनी त्या बघितल्यात? नुसता कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड.

हे सगळं मला उशिरा कळलं, ते कसं तेही सांगतो. एका देवळाचा जीर्णोद्धार चालू होता. गावाचं नाव सांगत नाही. पायरीला एक लांब दगड कमी पडत होता. पिंपळाखाली काळा, सरळ दगड पडलेला, शेवाळलेला, वर कायतरी बाहुल्या. मी पहारीने उलटा केला, कोरलेली बाजू खाली घातली आणि पायरी बसवली. ओळंबा, पातळी सगळं चोख. वर्षभराने मोडी-बिडी वाचणारे एक गुरुजी आले आणि गुरवाला विचारू लागले, इथला वीरगळ कुठे गेला? मी तिथेच उभा होतो. बोललो नाही.

गधेगाळ असेल तर तो पायरीला लागायची भीती कमी, कारण त्याच्यावरचं चित्र बघून लोक स्वतःच लांब राहतात. वर चंद्रसूर्य, मधे लेख, खाली बाई आणि गाढव. दान दिलेली जमीन जो हिसकावेल त्याला दिलेली शिवी आहे ती, दगडात. अलिबागजवळ अक्षीला जो आहे त्यावरचा काळ शके 934 असा वाचतात. शकात 78 मिळवा, इसवी सन मिळतो: 1012. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत तो धरला जातो. अंबरनाथच्या देवळातला लेख शके 982 चा, तो हिशेब तुम्ही करा.

अक्षरं दिसत नसतील तर घासू नका. पीठ, खडू, तेल, तारेचा ब्रश, काही नको. सकाळी आठच्या आत नाहीतर उतरत्या उन्हात या, तिरप्या उजेडात खाच सावली धरते. आत अंधार असेल तर गुरवाला विचारून बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरा, समोरून मारू नका. गाभाऱ्यात शिरायचा हट्ट धरू नका.

कातळशिल्पांनाही, म्हणजे सड्याच्या कातळात फार पूर्वी खोदलेल्या चित्रांनाही, हीच युक्ती. बारसू, कशेळी, देवीहसोळ, उक्षी इथल्या सड्यांवर दुपारी बाराला गेलात तर नुसता तापलेला कातळ दिसेल आणि तळपाय भाजतील. संध्याकाळी गेलात तर कशेळीचा हत्ती उठून उभा राहतो आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी दिसतात. कोकणच्या कातळांवर गेंडाही कोरलेला सापडलाय. आज इथे गेंडा कुठे आहे? ज्यांनी खोदलं त्यांनाही जांभ्याने बारीक काम करू दिलं नाही, म्हणून त्यांनी मोठं खोदलं. 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्याआधी पोरं त्यांच्यावर क्रिकेट खेळत होती, काही ठिकाणी अजून खेळतात.

आणि प्रत्येक खाच माणसाची नसते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर समुद्राकडच्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी आहे. ती खाऱ्या पाण्याने आणि सुकून फुगणाऱ्या मिठाने खाल्लेली. पांडवांनी एका रात्रीत कोरली असं कोणी सांगितलं तर मान डोलवा, पण टाकीचा घाव शोधा. माणसाच्या हाताचा घाव एका दिशेने जातो.

मी वीरगळ उलटा घातला त्या देवळाच्या पायऱ्या मागच्या पावसात एका बाजूने खचल्या. विश्वस्तांना दोनदा जाऊन सांगून आलोय की तिसरी पायरी सरळ काढायची, तोडायची नाही, आणि उलटी करून पिंपळाखाली उभी करायची. दसऱ्यानंतर काम आहे. पहार मीच धरणार आहे, गुडघे काय म्हणतील ते म्हणोत.