विलायतेत वाईन घेताना: टक्का आधी, किंमत मग

मे महिन्याच्या रजेत शिरोड्याला आले की आमच्या पडवीत दोन गोष्टी ठरलेल्या. आईने सुपात वाळत घातलेली रातांब्याची सोलं, आणि त्यांच्या बाजूला बाकड्यावर बसलेली, इंग्लंडचा व्हिसा हातात पडलेली दोन-चार मुलं. खोलीचं भाडं, थंडीचे कपडे, बसचा पास, सगळं विचारून होतं. मग आई आत गेली की आवाज खाली येतो. या वर्षीचा प्रश्न असा होता: "मावशे, थंय वाईन पाण्यापरास स्वस्त गावता म्हणतत, खरा काय गो?"

खरं नाही. स्पेन-इटलीत असेल एखाद वेळी, ब्रिटनमध्ये नाही. मी तिथे एकोणीस वर्षं नर्स आहे. शनिवारी रात्री एक ग्लास वाईन घेते, हे आईलाही माहीत आहे, फक्त माहीत नसल्यासारखं ती दाखवते. तेव्हा या विषयावर मी बोलायला हरकत नाही.

आपल्याकडच्या माणसाला दारूवरचा कर वेगळा शिकवावा लागत नाही. आरोंद्याहून खाडी ओलांडली की गोवा. बाटली तीच, आतला माल तोच, किंमत मात्र वेगळी. सीमेवरच्या बांद्याच्या नाक्यावर गाड्यांच्या डिक्या कशासाठी उघडायला लावतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी 'गोव्याची' हाच शब्द होता. पण त्या वाढीतून बिअर आणि वाईन वगळली होती. नाशिकच्या द्राक्षांमुळे वाईनला आपल्या सरकारने २००१ च्या धोरणापासून झुकतं माप दिलंय. त्यामुळे वाईन म्हणजे हलका कर, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते डोकं घेऊन विमानात बसू नका.

ब्रिटनमध्ये वाईनवरचं शुल्क बाटलीच्या किमतीवर नाही, आतल्या अल्कोहोलवर आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ही पद्धत आली. त्याआधी साध्या वाईनच्या बाटलीवर सरसकट २.२३ पौंड शुल्क होतं, मग ती ११ टक्क्यांची असो की १४ ची. त्या दिवशी ते २.६७ झालं. साडेअकरा ते साडेचौदा टक्क्यांच्या वाईनना दीड वर्षाची सवलत होती, सगळ्या साडेबाराच्याच धरायच्या. ती १ फेब्रुवारी २०२५ ला संपली. त्या तारखेचा दर होता शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे २९.५४ पौंड. व्हिस्की-रमचा होता ३२.७९. म्हणजे जिला आपण 'सौम्य पेय' म्हणतो तिच्यावरचा कर रमच्या शेजारीच जाऊन बसलाय. पुढचे आकडे मी याच दराने मांडते. दर वाढत राहतात, तेव्हा बाटलीमागे दहा-वीस पेनी वर धरा.

बोलून कळेना म्हणून त्या मुलांसमोर मी बाकड्यावर पाच काजूबिया मांडल्या. ही पाच पौंडांची बाटली, साडेबारा टक्क्यांची. शुल्क २.७७ पौंड. त्या शुल्कासकट सगळ्यावर २० टक्के व्हॅट, तो पाचातले ८३ पेनी. दोन्ही मिळून ३.६०. तीन बिया सरळ बाजूला सारल्या, चौथी अडकित्त्याने फोडून तिचाही मोठा तुकडा सारला. माझ्यासमोर उरली दीड बीसुद्धा नाही, १.४० पौंड. एवढ्यात काच, बूच, चिली किंवा ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या जहाजाचं भाडं, गोदाम, दुकानदाराचा नफा. मग द्राक्षवाल्याला काय मिळालं असेल? एका पोराने बियेचा कोपरा नखाने उचलून दाखवला. बरोबर, तेवढंच.

आता आठ बिया मांडा. शुल्क तेच २.७७, कारण अल्कोहोल तेवढंच. व्हॅट १.३३. कर गेला ४.१० आणि उरले ३.९०. म्हणजे तुम्ही तीन पौंड जास्त दिलेत, त्यातले अडीच सरकारकडे न जाता वाईनच्या बाजूला राहिले. पाच पौंडांची वाईन म्हणजे बहुतेक कर पिणं. मी पहिल्या वर्षी खालच्या फळीवरची सगळ्यात स्वस्त बाटली घेऊन वॉर्डातल्या एका बाईंच्या घरी जेवायला गेले होते. त्यांनी हसून ती स्वयंपाकघरात ठेवली, आणि पुढच्या वेळी त्यांच्याकडच्या मटणाच्या रश्शात मला ती भेटली.

म्हणून माझा सल्ला चिक्कू माणसालाही पटेल असा आहे. महिन्याला चार पाच-पौंडी बाटल्या घेणार असाल तर त्याऐवजी आठ-नऊ पौंडांच्या दोनच घ्या. पैसे उलट थोडे कमीच जातील, चव कितीतरी वर जाईल, आणि लिव्हरचंही मी नर्स म्हणून वेगळं बोलायला नको. तिथे आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका असं २०१६ पासून सांगतात. एक युनिट म्हणजे दहा मिली शुद्ध अल्कोहोल. साडेबारा टक्क्यांच्या एका बाटलीत ९.४ युनिट असतात. दीड बाटली, आठवडा संपला.

दुकानात गेलात की बाटली उलटी करा आणि टक्का वाचा. साडेचौदा टक्क्यांच्या लाल वाईनवर शुल्क ३.२१ पौंड, ११ टक्क्यांवालीवर २.४४. हे कंपन्यांनाही कळतं. ओळखीच्या बाटल्या गुपचूप साडेबाराच्या बाराच्या, बाराच्या अकराच्या झाल्यात. लेबल तेच, फक्त आकडा बारीक अक्षरात बदलला. बिअरमध्ये तर खेळ उघडच आहे. साडेतीन टक्क्यांच्या खाली दर निम्म्याहून कमी होतो, म्हणून काही बिअर ३.४ टक्क्यांवर आणून ठेवल्या. अर्ध्या लिटरचा ४ टक्क्यांचा कॅन असेल तर शुल्क साधारण ४४ पेनी, ३.४ चा असेल तर १६. तेवढी सूट किमतीत दिसते का, ते तुम्हीच बघा. मला तरी क्वचित दिसली.

कमी टक्क्यांच्या सगळ्याच वाईन पाणचट नसतात. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातल्या रीसलिंग जातीच्या वाईन आठ-नऊ टक्क्यांच्या मिळतात, जराशा गोड, जराशा आंबट. आठ टक्क्यांवालीवर शुल्क दीड पौंडाच्या आसपासच. बांगड्याच्या तिखल्याबरोबर, तिरफळं नीट चेचून घातलेली असतील तर, तिच्याएवढं काही जमत नाही. लाल, जड वाईन तिरफळापुढे नुसती तुरट लागते. हे मला कुठल्या तज्ज्ञाने शिकवलेलं नाही, फ्रोजन बांगडे आणि थंडीतल्या शनिवारांनी शिकवलं.

रुपयांत गुणू नका हे सगळेच सांगतात आणि सगळेच गुणतात. त्यापेक्षा तासांत मोजा. २०२५ च्या एप्रिलपासून २१ वर्षांवरच्यांना किमान मजुरी तासाला १२.२१ पौंड झाली. आठ पौंडांची बाटली म्हणजे जवळजवळ चाळीस मिनिटं उभं राहून भांडी घासणं. पबमध्ये २५० मिलीचा ग्लास मागितलात तर ती बाटलीची तिसरी वाटणी, आणि ती एकच वाटणी शहरात पुऱ्या बाटलीच्या दुकानातल्या किमतीहून महाग पडते. १२५ मिलीचा छोटा ग्लास मागा. तो फळ्यावर मोठ्या अक्षरात नसला तरी ठेवावाच लागतो. पिंपातून ओढून दिलेल्या बिअरला शुल्कात १३.९ टक्के सूट आहे. २०२५ मध्ये ती वाढवली तेव्हा एका पाइंटमागे, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोड्या मोठ्या ग्लासामागे, शुल्क एक पेनीने उतरलं. त्या एका पेनीचं वर्तमानपत्रांत केवढं कौतुक झालं होतं!

पबमधली आणखी एक गोष्ट खिशाला फार लागते, ती म्हणजे राउंड. सहा जण गेलात की एकेकाने सगळ्यांसाठी आणायचं, आणि आपली पाळी चुकवणाऱ्याचं नाव वर्षभर निघतं. मी सुरुवातीला संकोचाने सगळ्यांत सामील व्हायचे, पगाराच्या चौथ्या दिवशी सहा पेयांचे पैसे मोजायचे, आणि स्वतः प्यायचे लिंबूसोडा. आत शिरतानाच सांगा, "मी राउंडमध्ये नाही, माझं मी घेईन." कोणी काही म्हणत नाही. मुळात पीत नसाल तर तेही तसंच सांगा. आपल्याकडे कारण विचारतात, तिथे सहसा विचारत नाहीत. चेहरा पंचविशीच्या आतला वाटला तर दुकानदार ओळखपत्र मागतो. वय १८ पुरतं, पण पासपोर्टच दाखवा, आपलं लायसन्स बरेच जण घेत नाहीत.

स्कॉटलंडला जाणारा एकजण त्या दिवशी होता, त्याच्यासाठी वेगळं. तिथे कराच्या वर किमान किंमतही ठरवलेली आहे. २०१८ च्या मे महिन्यात युनिटला ५० पेनी होती, ३० सप्टेंबर २०२४ पासून ६५ झाली. त्यामुळे साडेबारा टक्क्यांची बाटली ६.०९ पौंडांच्या खाली मिळूच शकत नाही. 'सहा घ्या, पंचवीस टक्के सूट' हा इंग्लंडमधला प्रकार तिथे २०११ पासून बंद आहे, आणि दुकानांत विक्री सकाळी १० ते रात्री १०. गाडी चालवणार असाल तर रक्तातली मर्यादाही कमी: इंग्लंडमध्ये १०० मिलीला ८० मिलीग्रॅम, स्कॉटलंडमध्ये ५०. रात्रीची वाईन सकाळच्या ड्युटीला जाताना अंगात असू शकते, हे माझ्या ओळखीच्या एकाला लायसन्स गमावून कळलं. आयर्लंडला जाणाऱ्या नर्सपोरींनो, तुमच्याकडे २०२२ च्या जानेवारीपासून ग्रॅममागे १० सेंट हा किमान भाव आहे, म्हणजे तीच बाटली ७.४० युरोंच्या खाली नाही.

आता खाडीपलीकडचा गोवा. ब्रिटनलाही तो आहे, त्याचं नाव कॅले, फ्रान्सचं बंदर. इंग्लंडच्या डोव्हर बंदरातून बोटीने दीड तास. फ्रान्समध्ये वाईनच्या बाटलीवर शुल्क तीन-चार सेंट, जर्मनी-स्पेनमध्ये साध्या वाईनवर शून्य. पूर्वी लोक गाडी भरभरून आणायचे. २०२१ पासून माणशी १८ लिटर, म्हणजे २४ बाटल्याच करमुक्त. पंचविसावी सापडली तर फक्त तिच्यावर नाही, पंचवीसच्या पंचवीस बाटल्यांवर कर भरावा लागतो. हे ऐकून पोरांचे डोळे चमकले, तेव्हा सांगितलं, बाबांनो, तुमच्या पासपोर्टला फ्रान्सचा व्हिसा लागतो, त्याची फीच ९० युरो. इंग्लंडचा व्हिसा तिथे चालत नाही. कोणी गोरा सहकारी सहज म्हणाला "चल कॅलेला", तर हुरळून गाडीत बसू नका.

घरी वाईन करायला मात्र मोकळीक आहे. स्वतःपुरती केली तर शुल्क नाही, विकायची नाही एवढंच. ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याकडेच्या कुंपणांवर ब्लॅकबेरी लगडतात, आपली करवंदंच जणू, काटेसुद्धा तसेच. साखर, यीस्ट, बरणी आणि थोडा धीर. पहिल्या वर्षी माझा व्हिनेगर झाला, दुसऱ्या वर्षीची सोडा फोडल्यासारखी उसळून छताला लागली, तिसऱ्या वर्षीची प्यायलो. पण आंबवण्यापर्यंतच. भट्टी लावून उतरवायला तिथे लायसन्स लागतं, विनालायसन्स तो गुन्हा आहे. काजूच्या हंगामात वाढलेल्या एका पोराने तिथे प्रेशर कुकर आणि नळी घेऊन हुर्राकाचे, म्हणजे पहिल्या धारेच्या काजूच्या दारूचे, मनसुबे रचले होते. त्याच्या घरमालकिणीने वासावरूनच त्याला गप्प केलं.

आणि शेवटी हमखास येणारा प्रश्न: "मावशे, बॅगेतसून फेणी नेव काय?" नियमाने चार लिटरपर्यंत कडक दारू ब्रिटनमध्ये करमुक्त नेता येते, पण दुकानातली, सीलबंद, टक्का छापलेली. ओळखीच्या भट्टीवरची, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरलेली नाही. आणि गोव्याची परवान्याशिवाय नाक्यातून आणलीत तर विमानाच्या आधी बांद्यालाच अडकाल. माझ्या मावसभावाने मला न सांगता तशी एक बाटली माझ्या बॅगेत स्वेटरांच्या मधोमध खोचली होती, तिथल्या मैत्रिणींसाठी म्हणून. हीथ्रोला पट्ट्यावर बॅग यायच्या आधी वास आला. दोन्ही स्वेटर तीनदा धुतले, तरी पावसात भिजले की वॉर्डातली सिस्टर नाक वर करून माझ्याकडे बघायची. पोराला म्हटलं, त्या जागेत आमसुलं भर. आई तेवढ्यात बाहेर आली आणि तिने सुपातली अर्धी सोलं कागदात बांधायला घेतली.