तैपेईत चायनीज शिकायला येताय? मग दिवस असा लावा

"अगं मलापण तैवानला चायनीज शिकायला यायचंय, सांग ना काय काय लागतं" हा मेसेज मला महिन्यातून दोनदा तरी येतो आणि दरवेळी मी तेच तेच टाइप करत बसते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. व्हिसाचे फॉर्म वगैरे सोडून, रोजचं जगणं कसं असतं ते.

पैशाचं आधी उरकते. हुआयू स्कॉलरशिप (तैवान सरकारची, चायनीज शिकायला येणाऱ्यांसाठी) मिळाली तर महिन्याला ठरावीक रक्कम मिळते पण फी त्यातूनच भरायची आणि विमानाचं तिकीट आपलं आपण. आठवड्याला 15 तास क्लास कंपल्सरी, हजेरी आणि मार्क दोन्ही बघतात, त्यामुळे दांड्या मारायची सवय असेल तर ती पुण्यातच ठेवून या. मी शिकले ते नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीच्या मँडरिन सेंटरमधे, 1956 पासूनचं आहे, दर तीन महिन्यांनी नवीन टर्म सुरू होते, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. पहिल्या दोन महिन्यांचा खर्च मात्र जवळ घेऊनच या, डिपॉझिटमधे भसाभस पैसे जातात.

बॅग भरताना एक लक्षात ठेवा, इथे वीज 110 व्होल्टची आहे आणि प्लग चपट्या दोन पिनांचा. मी घरून हौसेने इलेक्ट्रिक केटल आणली, अ‍ॅडॉप्टर लावून चालू केली आणि बघत बसले, अर्धा तास झाला तरी पाणी आपलं आंघोळीचं कोमट. मिक्सर, केटल, इंडक्शन काही आणू नका. त्यापेक्षा मेतकूट आणा, गोडा मसाला आणा, लोणचं आणा.

रूम शोधताना दोन शब्द पाठ करून ठेवा. थाओफांग म्हणजे बाथरूम आतच असलेली खोली, याफांग म्हणजे बाथरूम शेअर, स्वस्त. किचन दोन्हीत बहुतेक नसतंच!! आई हे ऐकून आठवडाभर टेन्शनमधे होती. उपाय म्हणजे ताथुंग (Tatung) कंपनीचा इलेक्ट्रिक कुकर, 1960 पासून इथल्या घराघरात आहे, सेकंडहँडसुद्धा मिळतो. आतल्या भांड्यात तांदूळ, मूगडाळ, हळद, मीठ आणि पाणी, बाहेरच्या भांड्यात वेगळं एक कप पाणी, खटका खाली दाबायचा, बाहेरचं पाणी आटलं की टक् करून खटका आपोआप वर. डाळ जरा जास्त शिजायला हवी असेल तर बाहेर दीड कप. फोडणीचा नाद सोडा, मी एकदा केली तर खोलीभर धूर आणि घरमालकीणबाई दारात, आणि तेव्हा मला "मोहरी"ला चायनीजमधे काय म्हणतात तेपण येत नव्हतं.

आता अभ्यास. इथे आपल्याला मराठीचा एवढा फायदा आहे की कोणी सांगतच नाही. पिनयिन म्हणजे चायनीज उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत, त्यातला बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे फ (फणसातला, फॅनमधला नव्हे), डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. आमच्या वर्गातल्या इंग्लिश बोलणाऱ्या पोरांना प आणि फ मधला फरक कानाला कळायलाच महिना गेला, आपण तो बालवाडीत शिकलोय. त्याहून भारी म्हणजे आपले दोन च. चिमणीतला च तो जे, चमच्यातला च तो झेड. छत्रीतला छ लावला की क्यूचं काम झालं. मग उरतं ते सी, म्हणजे चमच्यातल्या चला जोरात हवा सोडायची, आणि झेडएच, सीएच, एसएच, त्याला जीभ मागे वळवावी लागते. म्हणून पहिल्याच दिवशी वहीत पिनयिनशेजारी देवनागरी लिहून काढा. महिन्याभराने मात्र देवनागरी बंद, कारण टोन, म्हणजे आवाजाचे चढउतार ज्यांनी शब्दाचा अर्थच बदलतो, ते त्यात बसत नाहीत. टोन माझ्या डोक्यात असे बसले: पहिला म्हणजे तंबोऱ्याची वरची एकच तार, दुसरा म्हणजे फोनवर नीट ऐकू नाही आलं की आपण "हं?" करतो तो, तिसरा कुरकुर करत खाली बसलेला, चौथा म्हणजे आईचं "बास!". थांग शब्द पहिल्या टोनमधे सूप आणि दुसऱ्यात साखर, आणि मी सलग दोन आठवडे दुकानात बिनसुपाचा चहा मागत होते.

लिपी इथे पारंपरिक आहे, चीनमधली सोपी केलेली नाही. तैवानमधल्या "वान"लाच 25 स्ट्रोक, म्हणजे रेघा. क्लासमधे रोज थिंगश्ये म्हणजे डिक्टेशन असायचं आणि शेजारच्या जपानी मुलीला अर्धी अक्षरं आधीच येत असायची, जाम राग यायचा. रात्री एकदम 40 गिरवत बसू नका, सकाळी राहत नाहीत. मी रात्री दहाच घ्यायचे, सकाळी चहाच्या वेळी न बघता परत लिहायचे, चुकली तेवढीच परत. मेट्रोत फ्लॅशकार्ड बघा पण तिथे पाणीसुद्धा प्यायचं नाही हं, 1500 पासून 7500 तैवानी डॉलरपर्यंत दंड आहे.

पण खरं सांगू का, बोलणं क्लासमधे नाही येत. तीन तास क्लास झाला की सगळे आपापल्या देशाच्या घोळक्यात जातात आणि इंग्लिश सुरू, तिथेच घात होतो. म्हणून दिवसातली निदान तीन कामं अशी ठेवा की तोंड उघडल्याशिवाय होणारच नाहीत.

दुपारचं जेवण हे पहिलं. "वो छर् सू" म्हणजे मी शाकाहारी आहे, सू चौथ्या टोनमधे, म्हणजे बास!सारखा. शाकाहारी बुफेची दुकानं खूप आहेत, पाटीवर स्वस्तिकासारखं चिन्ह दिसलं की समजा, आपल्या हाताने वाढून घ्यायचं, बऱ्याच ठिकाणी वजनावर पैसे. तिथल्या बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आजीचा चातुर्मासच. आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी एरवी सगळं खाणारे लोकपण तिथे येतात, तेव्हा लवकर जा. पदार्थ बोटाने दाखवू नका, हे काय आहे ते विचारा, मावश्या सांगतात.

दुसरं चहाचं दुकान. साखर किती, बर्फ किती हे ते विचारणारच आणि फटाफट विचारणार. पान थांग अर्धी साखर, ऊ थांग बिनसाखर, शाओ पिंग बर्फ कमी. मागे रांग असते त्यामुळे आपोआप स्पीड येतो.

तिसरं म्हणजे कचरा, हसू नका. संध्याकाळी बेथोव्हेनची धून वाजवत पिवळी गाडी येते, सगळी गल्ली पिशव्या घेऊन खाली उभी. तैपेईत महापालिकेची निळी पिशवी विकत घ्यावी लागते, ओला कचरा वेगळा, बुधवारी आणि रविवारी गाडी नाही. पहिल्या आठवड्यात मी केळ्याची सालं निळ्या पिशवीत टाकली तर शेजारच्या आजींनी पिशवी उघडायला लावली, सालं काढून बादलीत टाकली आणि मला प्रत्येक गोष्टीचं नाव तीन तीनदा म्हणायला लावलं. त्यानंतर गाडीच्या दहा मिनिटं आधीच खाली जायला लागले. गाडीची वाट बघत आजी बोलायच्या, सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, मी सुरुवातीला नुसतं "तुय तुय" (हो हो) करायचे, तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा गुडघ्याला तेल लावा म्हणून सांगितलं आणि ते त्यांना कळलं. कचऱ्याला इथे ल-स म्हणतात, बीजिंगवाले ला-ची, परीक्षेला दोन्ही लक्षात ठेवा.

आणि दुकानातल्या पावत्या टाकून देऊ नका, बहुतेक पावत्यांवर सरकारी लॉटरीचा नंबर असतो. एका आड एक महिन्याच्या 25 तारखेला, म्हणजे जानेवारी, मार्च असं, निकाल. शेवटचे तीन आकडे जुळले तरी 200 डॉलर. मी एका डब्यात साठवते आणि निकालाच्या रात्री मोठ्याने चायनीजमधे आकडे वाचत बसते. आत्तापर्यंत दोनदा लागलेत, दोन्ही वेळचे चहात गेले, पान थांग, शाओ पिंग.